घाण्याचे तेल, आवश्यक मेदाम्ले आणि आपले घर

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात आहाराविषयी काही बोलावे, अशी सूचना चिटणीस साहेबांनी केली. मी रसायनशास्त्राचा शिक्षक, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा माझा अधिकार नाही, हे प्रथमच नमूद करतो. परंतु ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो विषय मी निवडलेला नसून आपल्यापैकीच एका मातेने मला दिलेला आहे.

मागील पालक-सभेनंतर एक भगिनी थांबल्या होत्या. त्यांची दोन मुले आपल्याच शाळेत आहेत. घरची मिळकत बेताची. त्या म्हणाल्या, "सर, ते लाकडी घाण्याचं तेल आम्हाला परवडत नाही. मुलांच्या मेंदूला तेच लागतं म्हणतात. आम्ही दुकानातलं साधं तेल वापरतो. आमच्या मुलांचं काही कमी पडतंय का?"

प्रश्न विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जी अपराधीपणाची भावना होती, ती मला स्वस्थ बसू देईना. आपल्या लेकराला आपण कमी पडतो आहोत, ही समजूत आईच्या मनाला किती जाळते हे मी सांगायला नको. तेव्हा त्या भगिनीला मी जे उत्तर द्यायला हवे होते आणि त्या दिवशी घाईत नीट देऊ शकलो नाही, ते आज सर्वांच्या समक्ष देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम तेल हा शरीराचा शत्रू आहे की मित्र, ते पाहू. हल्ली एकीकडे 'तेल बंद करा' असे सांगणारे भेटतात, तर दुसरीकडे 'हे तेल प्या, सर्व रोग जातील' असे सांगणारे. शास्त्राचा निर्णय या दोहोंच्या मध्ये आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर हे शास्त्रज्ञ दांपत्य काम करीत असे. स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ इंधन, पिठूळ पदार्थ भरपूर मिळाले तर त्यांची काही गरज नाही, अशी त्या काळी समजूत होती. या दांपत्याने उंदरांना स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकलेला आहार दिला. इतर सारे, म्हणजे प्रथिने, साखर, क्षार, त्या वेळी ज्ञात असलेली जीवनसत्त्वे, व्यवस्थित दिली. तरीही उंदरांची वाढ खुंटली, कातडीला कोंडा सुटला, शेपट्या खवल्यांसारख्या झाल्या, मूत्रपिंडे बिघडली आणि अखेर ते मरू लागले. आहारात थोडी योग्य चरबी घालताच ते सुधारले. १९२९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढील वर्षी दाखवून दिले की, गुण येतो तो लिनोलेइक आम्लामुळे. जे घटक शरीराला हवेत, परंतु शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि म्हणून अन्नातूनच घ्यावे लागतात, अशा या मेदाम्लांना त्यांनी 'आवश्यक मेदाम्ले' असे नाव दिले.

आज आपण अशी दोन मेदाम्ले मानतो. पहिले लिनोलेइक आम्ल, ज्याच्या घराण्याला 'ओमेगा-६' म्हणतात. दुसरे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. याचे घराणे 'ओमेगा-३'. नावे अवघड वाटतात, पण त्यांचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. ग्रीक भाषेत 'लिनॉन' म्हणजे जवसाचे झाड. त्यावरून ही नावे पडली. आपल्या 'तेल' या शब्दाचे मूळ जसे 'तिळा'त आहे, तसेच हे.

ही मेदाम्ले शरीरात करतात काय? आपल्या प्रत्येक पेशीला एक पातळ वेष्टन असते, ते प्रामुख्याने मेदाम्लांचे बनलेले असते. कातडीतून पाणी निसटून जाऊ नये याची व्यवस्था लिनोलेइक आम्ल करते. त्याच्यापासून पुढे जी संयुगे तयार होतात, ती रक्त गोठणे, सूज येणे व उतरणे, रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण अशा कामांत भाग घेतात. या संयुगांवरील संशोधनासाठी १९८२ साली बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ओमेगा-३ घराण्यातील मेदाम्ले मेंदूच्या आणि डोळ्यातील पडद्याच्या पेशींत मोठ्या प्रमाणात सापडतात. तेव्हा 'मेंदूला तेल लागते' असे जे त्या भगिनीने ऐकले होते, त्यात तथ्य आहे. मात्र ते कोणत्या तेलातून मिळते, इथे घोटाळा होतो.

याविषयी एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९८२ साली राल्फ होल्मन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. पोटात गोळी लागल्यामुळे तिचे आतडे बरेचसे काढावे लागले होते आणि तिला सर्व पोषण शिरेवाटे दिले जात होते. त्या द्रावणात करडईचे तेल होते. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल विपुल, शंभरात सत्तरच्या वर. पण अल्फा-लिनोलेनिक जवळजवळ नाहीच. काही महिन्यांनी मुलीचे हातपाय बधिर होऊ लागले, अशक्तपणा आला, चालता येईना, नजर धूसर झाली. डॉक्टरांनी करडईऐवजी सोयाबीन तेल असलेले द्रावण सुरू केले आणि ही लक्षणे नाहीशी झाली. सोयाबीन तेलात शंभरात सहा-सात भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. तेवढ्याने काम झाले.

यावरून दोन बोध घ्यावेत. एक, दोन्ही मेदाम्ले हवीत. एक विपुल असले म्हणून दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. दुसरा अधिक महत्त्वाचा. कोणते मेदाम्ल मिळणार, हे बी कोणते आहे यावर अवलंबून असते. तेल घाण्यातून काढले की कारखान्यातून, यावर ते फारसे अवलंबून नसते.

विद्यार्थी मित्रांनो, पुढील आकडे वहीत टिपून घ्या. ते स्थूलमानाने आहेत. शेंगदाणा तेलात लिनोलेइक आम्ल शंभरात तीसच्या आसपास, तिळाच्या तेलात चाळीसच्या वर, सरकीच्या तेलात पन्नासच्या आसपास, सूर्यफुलात साठ, करडईत सत्तरच्या वर. खोबरेल तेलात मात्र दोनच्या आसपास, पामतेलात दहा. आता दुसरे, अल्फा-लिनोलेनिक. शेंगदाणा, तीळ, सरकी, सूर्यफूल, करडई या सर्वांत ते नगण्य. सोयाबीनमध्ये सहा-सात, मोहरीत दहाच्या आसपास, आणि जवसात पन्नासच्या आसपास!

म्हणजे आपल्या खानदेशी स्वयंपाकघराचे चित्र काय दिसते? आपण शेंगदाण्याच्या मुलखातली माणसे. भुसावळहून आगगाडीने अर्ध्या तासावर जळगावला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे तेलबिया संशोधन केंद्र आहे. तेथे 'जेएल-२४' म्हणजेच 'फुले प्रगती' हे भुईमुगाचे वाण तयार झाले. लवकर तयार होणारे हे वाण देशभर तर पसरलेच, पण आफ्रिकेतील मलावी देशातही 'काकोमा' या नावाने पेरले गेले. तिळाची 'तापी' आणि 'पद्मा' ही वाणेही जळगावचीच. आपल्या जमिनीने जगाला बी दिले, याचा अभिमान जरूर बाळगावा.

या मुलखात लिनोलेइक आम्लाची वाण नाही. दादरची भाकरी, बाजरी, डाळी, शेंगदाण्याचे कूट, भरीतावरचे दाणे, ठेच्यावरची तेलाची धार, या सर्वांतून ते मिळते. शंभर ग्रॅम ज्वारीत दोन ग्रॅमच्या आसपास आणि बाजरीत पाच ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो; तो डोळ्यांना दिसत नाही, पण पोटात जातो. प्रौढ माणसाची लिनोलेइकची दिवसाची गरज पाच-सहा ग्रॅमच्या घरात धरली, तर चार-पाच चहाचे चमचे शेंगदाणा तेलात ती भागते. आपल्याकडे उणीव पडते ती दुसऱ्या मेदाम्लाची, आणि अतिरेक होतो तो एकंदर तेलाचा. माझ्या आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

आता घाण्याकडे वळू.

घाणा ही आपल्या देशाची जुनी विद्या. लाकडी किंवा दगडी उखळ, त्यात फिरणारी लाट, आणि बैल. १९३४ साली महात्मा गांधींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत चाले. तेथे झवेरभाई पटेल यांनी घाण्याच्या रचनेत सुधारणा करून कमी श्रमात अधिक तेल देणारी घाणी तयार केली. ती 'वर्धा घाणी' म्हणून ओळखली गेली. त्यामागील हेतू होता तो खेड्यातील तेल्याच्या हाताला काम मिळावे आणि ग्राहकाला ताजे, निर्भेळ तेल मिळावे हा. आज बैलाच्या जागी विजेची मोटर आली, तरी तत्त्व तेच आहे.

घाण्यात बी सावकाश भरडले जाते, त्यामुळे तेल कोमट होते, फार तापत नाही. यालाच हल्ली 'कोल्ड प्रेस' म्हणतात. कारखान्यातील एक्सपेलरमध्ये बी आधी वाफेवर शिजवून मोठ्या दाबाखाली पिळतात. तेथे उष्णता बरीच असते. पेंडीत उरलेले तेल काढण्यासाठी हेक्झेन नावाचा द्रावक वापरतात आणि मग तो उकळवून उडवून लावतात. घाण्याच्या पेंडीत शंभरात दहा-बारा भाग किंवा त्याहूनही अधिक तेल राहते, एक्सपेलरच्या पेंडीत सहा-आठ, तर द्रावकाने काढल्यावर एक भागाहूनही कमी. म्हणून कारखान्याचे तेल स्वस्त पडते.

पुढे रिफायनिंग येते. त्यात तेलातील चिकट भाग पाण्याने काढतात, मुक्त आम्ले अल्कलीने मारतात, रंग विशिष्ट मातीने शोषून घेतात आणि वास घालवण्यासाठी निर्वातात दोनशे अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. यात तेलाचा स्वाद जातो, जीवनसत्त्व ई आणि इतर काही उपयुक्त द्रव्ये थोडीफार कमी होतात. परंतु लिनोलेइक आम्ल बहुतांशी तसेच राहते. उष्मांक तर दोन्हीत अगदी सारखेच: ग्रॅमला नऊ.

म्हणजे घाण्याच्या तेलाचे गुण खरे आहेत. स्वाद आहे, ताजेपणा आहे, जीवनसत्त्व ई काहीसे अधिक आहे, गावातील माणसाला रोजगार आहे. ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर घ्यावे. परंतु ते औषध आहे असे समजून घेऊ नये. कारण औषध समजले की हात सैल सुटतो. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या घरची गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या अब्बांना हृदयाचा त्रास झाला. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यभर धडधाकट. घरात सर्वांच्या पोटात भीतीचा गोळा उठला. मी रसायनशास्त्र शिकवणारा, तरी घाबरलेला मुलगा काय करतो? जे जो सांगेल ते करतो. कुणी म्हणाले, रिफाइंड तेल बंद करा, घाण्याचे आणा. दर दुपटीच्या आसपास होता, तरी आणले. आमचे घर पाच माणसांचे. पूर्वी महिन्याला चार-साडेचार लिटर तेल लागे. घाण्याचे तेल आले आणि अम्मी भाजीत पळी उपडी करताना म्हणू लागली, "हे तर औषध आहे, घाल अजून थोडं." अब्बाही भाकरीवर वरून तेल घेऊ लागले. स्वाद उत्तम, आणि मनाला पथ्य पाळल्याचे समाधान! तीन-चार महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा अब्बांचे वजन वाढलेले होते आणि रक्तातील चरबीचे आकडे सुधारण्याऐवजी बिघडले होते. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "घरात महिन्याला तेल किती लागते?" आम्हा कुणालाच उत्तर देता येईना. घरी येऊन हिशेब केला. साडेसहा लिटर!

त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. वर्गात मी मुलांना मोजमापाचे महत्त्व शिकवतो आणि स्वतःच्या घरात तेल मोजले नव्हते. दोष घाण्याच्या तेलाचा नव्हता, आमचा होता. तेव्हापासून आमच्या घरी तेलाचा डबा महिन्याच्या पहिल्या तारखेला भरला जातो आणि तो संपला की संपला. अब्बा आज आहेत, मेळाव्यालाही आले आहेत. मी ही गोष्ट सांगणार म्हटल्यावर त्यांनी परवानगी दिली, एवढेच नव्हे तर आकडा बरोबर सांग, अशी ताकीदही दिली.

घाण्याचे तेल घेणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली, बी कसे आहे. रिफायनिंगमध्ये काही चांगल्या गोष्टी जातात तशा काही वाईटही जातात. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर एक बुरशी येते आणि ती 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीयुक्त शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. आपल्याकडे १९७४ साली गुजरात-राजस्थान सीमेवरील आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराच्या आसपास माणसे यकृताच्या विकाराने दगावली, तेही याच विषाने. अल्कलीच्या प्रक्रियेत हे विष निघून जाते. घाण्याच्या तेलात ते काही अंशी राहू शकते. म्हणून कुजके, काळवंडलेले, आक्रसलेले दाणे निवडून टाकल्याशिवाय तेल काढू नये. शक्य असल्यास स्वतः दाणे निवडून घाण्यावर न्यावेत.

दुसरी गोष्ट सरकीची. आपला खानदेश कापसाचा. गावोगावी जिनिंग आहेत, सरकी मुबलक आहे. कुणाला वाटेल, घाण्याचे सर्वच चांगले, तर सरकीचेही काढावे. असे कदापि करू नका. सरकीत 'गॉसिपॉल' नावाचे विषारी द्रव्य असते. चीनमध्ये १९५० च्या दशकात काही खेड्यांतून कच्च्या सरकीच्या तेलात स्वयंपाक होत असे. तेथील पुरुषांना संतती होईना, याचा शोध घेता घेता कारण सापडले ते गॉसिपॉल. सरकीचे तेल रिफाइंड करूनच खाण्याजोगे होते. येथे कारखान्याची प्रक्रिया ही शुद्धीच आहे. तेव्हा 'घाण्याचे ते अमृत आणि कारखान्याचे ते विष' हा नियम चालत नाही. प्रत्येक बियाचा विचार वेगळा करावा लागतो.

तिसरी गोष्ट भेसळीची. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि जलशोथाच्या साथीत साठाहून अधिक माणसे मेली. पिवळा धोतरा आपल्याकडेही रस्त्याच्या कडेला उगवतो. त्याचे बी मोहरीसारखेच दिसते. त्या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी खाद्यतेल बंद पुड्यात विकण्यासंबंधीचा आदेश केंद्र सरकारने काढला. 'घाण्याचे' म्हणून सुटे तेल कुणी दारावर आणून दिले, तर विद्यार्थी मित्रांनो, तुमचे गणित वापरा. शंभर किलो शेंगदाण्यातून घाण्यावर चाळीस किलोच्या आसपास तेल निघते. म्हणजे एक किलो तेलाला अडीच किलो दाणे लागले आणि दीड किलो पेंड उरली. अडीच किलो दाण्यांची बाजारातील किंमत काढा, त्यातून पेंडीची किंमत वजा करा. विक्रेता त्याहूनही स्वस्त तेल देत असेल, तर तो एक तर दानशूर आहे किंवा तेल शेंगदाण्याचे नाही. दानशूर व्यापारी असतात, पण ते तेल तोट्यात विकून दान करीत नाहीत.

आता वनस्पती तुपाविषयी. १९३७ साली 'डालडा' बाजारात आला आणि पाहता पाहता सर्वच वनस्पती तुपाला डालडा म्हणण्याची रीत पडली. आपल्या समाजात शादीची बिर्याणी, ईदचे पक्वान्न, बेकरीची नानकटाई आणि खारी यांच्याशी त्याचे नाते जडले. द्रव तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करतात. या क्रियेत आवश्यक मेदाम्ले नष्ट होतात आणि 'ट्रान्स' प्रकारची मेदाम्ले तयार होतात. ही ट्रान्स मेदाम्ले हृदयविकाराला निमंत्रण देतात, हे आता निःसंशय सिद्ध झाले आहे. म्हणून १ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल व वनस्पतीमध्ये त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन आहे. कायदा झाला ही चांगली गोष्ट. तरी घट्ट तुपात आवश्यक मेदाम्ले फारशी नसतात, हे ध्यानात ठेवून ते सणापुरतेच असावे.

रमजानच्या दिवसांबद्दलही एक विनंती. रोजा इफ्तारला भजी, समोसे तळले जातात. उरलेले तेल दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा कढईत येते. वारंवार तापवलेल्या तेलात असंपृक्त मेदाम्ले मोडतात आणि अपायकारक संयुगे तयार होतात. २०१८ च्या जुलैपासून हॉटेल-दुकानांसाठी याविषयी कायद्याने मर्यादा घातलेली आहे. आपल्या घरी तपासनीस येणार नाही, म्हणून आपणच तपासनीस व्हावे. तळलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये. तेल काळे पडले, फेसाळले, चिकट झाले की टाकून द्यावे. दिवसभर उपाशी राहिलेल्या पोटाला खजूर, फळे, भिजवलेली चणाडाळ अधिक मानवते, हा तर सर्वांचा अनुभव आहे.

शेवटी प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला वरून घालावयाचे तेल-तूप दिवसाला वीस ते पंचवीस ग्रॅम पुरे आहे. अंगमेहनत करणाऱ्याला काहीसे अधिक लागते. पाच माणसांच्या घरात पंचवीस ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला पावणेचार किलो, म्हणजे चार लिटरच्या आसपास तेल झाले. आज घरी गेल्यावर आपल्या घरचा आकडा काढा. डब्यातून थेट कढईत तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घाला.

एकाच तेलावर विसंबू नका. एक महिना शेंगदाणा, एक महिना सोयाबीन, अधूनमधून तीळ किंवा मोहरी, असा फेरपालट करावा. तेल काचेच्या बाटलीत खिडकीत ठेवू नये. भुसावळचा उन्हाळा आपण जाणताच. बंद डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवावे. घाण्याचे तेल तर पंधरा दिवस-महिन्यापुरतेच आणावे, कारण त्यात पाण्याचा अंश राहिला तर ते लवकर खवट होते.

आणि जवस. आपल्या आजीच्या हातची जवसाची चटणी आठवा. मंद आचेवर थोडे भाजलेले जवस, लसूण, मिरची, मीठ. एक मोठा चमचा, म्हणजे सात ग्रॅमच्या आसपास जवसाच्या पुडीत दीड ग्रॅमच्या जवळपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज त्यात भागते. जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडते, म्हणून कुटूनच खावे. पूड आठवड्यापुरतीच करावी. जवसाचे तेल मात्र तळणीला वापरू नये, ते उष्णतेने लगेच बिघडते. ज्यांच्या घरी मासे खाल्ले जातात, त्यांनी आठवड्यातून एक-दोनदा खावेत. ओमेगा-३ घराण्यातील मेंदूला लागणारी मेदाम्ले माशांतून तयारच मिळतात.

लहान बाळांविषयी एक इशारा देणे भाग आहे. वडीलधाऱ्यांचे पथ्य दोन वर्षांखालील बाळाला लावू नये. आईच्या दुधातील उष्मांकांपैकी जवळजवळ निम्मे उष्मांक स्निग्धांशातून येतात. निसर्गानेच तशी योजना केली आहे. बाळाच्या खिचडीत चमचाभर तेल किंवा तूप जरूर असावे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर. बहेन, आपण आज सभागृहात असाल तर ऐका. आपल्या मुलांचे काहीही कमी पडत नाही. दुकानातील सीलबंद शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलात पहिले आवश्यक मेदाम्ल पुरेसे आहे. दुसऱ्यासाठी पावशेर जवस आणा आणि चटणी करा. त्याला फारसा खर्च येत नाही. सोबत मूठभर दाणे, डाळ, पालेभाजी, आणि आपल्या हातची भाकरी. महागड्या तेलाचे पैसे वाचतील, त्यातून मुलांना एक शब्दकोश किंवा प्रयोगवही घेऊन द्या. मेंदूच्या वाढीला तीही लागते.

ज्यांना परवडते, त्यांनी घाण्याचे तेल स्वादासाठी, ताजेपणासाठी आणि गावातील घाणेवाल्याच्या रोजीसाठी खुशाल घ्यावे. फक्त मोजून घ्यावे. ज्यांना परवडत नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. आणि विद्यार्थ्यांनी एक काम करावे: या महिन्यात आपल्या घरी तेल किती लागले, ते पहिल्या तारखेपासून लिहून काढावे आणि माणसांच्या संख्येने भागावे. पुढील महिन्यात मी वर्गात प्रत्येकाचा आकडा विचारणार आहे. माझ्या घरचा आकडा मी फळ्यावर आधी लिहीन.